गिअर अडत होता, पण क्लच प्लेट शाबूत होती: एका तारेच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही आमच्या मानेवाड्याच्या गॅरेजला एक तारा दिलात आणि लिहिलंत, की क्लच प्लेट बदलायला गाडी दिली होती, ती दीड दिवस ठेवून घेतली, १४ किलोमीटर फिरवली, प्लेट बदललीच नाही, ब्रेक ऑइल टाकून ३,४५० रुपये घेतले आणि त्यातले ६०० नुसते तपासायचे. मॅट काढून डिकीत टाकली. एवढं होऊनही दुसरा गिअर घासतोच, आणि दुसरा एक मेकॅनिक म्हणतो प्लेटच गेली आहे. तुमच्यासारखाच त्रास असणारे बाकीचे लोकही हे वाचतात, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

गाडी काहून फिरवली, ते आधी. तुम्ही ती संध्याकाळी आणून दिलीत. सकाळी आमच्या पोराने सुरू केली तेव्हा उभ्या गाडीत पाचही गिअर आणि रिव्हर्स अलगद पडत होते. म्हणजे थंड गाडीत दोष दिसतच नव्हता. तुमची तक्रारच अशी होती की दुपारी, ट्रॅफिकमध्ये गिअर अडतात. मग दुपार व्हायची वाट पाहणं आलं. ऊन चढल्यावर तुकडोजी पुतळा, मेडिकल चौक, कॉटन मार्केट असं करत गाडी व्हरायटी चौकापर्यंत नेली आणि अजनीवरून परत आणली. रिंग रोडने रिकाम्या रस्त्यावर एक चक्कर मारून आणली असती तर किलोमीटर वाचले असते, पण हाती काही लागलं नसतं. परतीत अजनी चौकाच्या सिग्नलला पहिला गिअर अडला. जॉबकार्डावर चालवून पाहण्याच्या ओळीसमोर तुमची सही आहे, पण मी त्या सहीवर बोट ठेवत नाही. दोष स्वतः पाहिल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही, एवढंच सांगतो.

गिअर अडल्यावर पोराने इंजिन बंद केलं. बंद इंजिनमध्ये तोच गिअर बोटाने ढकलावा इतका सहज पडला. इथेच गिअर लिव्हर, त्याच्या केबल आणि बुश बाजूला झाले. इंजिन बंद असतानाही गिअर जड जात असेल तर तिकडे पाहायचं, आणि चालू इंजिनमध्येच अडत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही असं समजायचं. खात्रीसाठी गॅरेजमध्ये गरम गाडीवर क्लच तळाशी दाबून तीन-चार सेकंद थांबलो आणि रिव्हर्स टाकला. खर्रर्र! बऱ्याच गाड्यांमध्ये रिव्हर्सला सिंक्रोनायझर, म्हणजे गिअर पडण्याआधी दोन्ही बाजूंचा वेग जुळवणारी रिंग, नसते, त्यामुळे क्लच दाबूनही गिअरबॉक्समधला शाफ्ट फिरत राहिला तर रिव्हर्स लगेच ओरडून सांगतो.

आता तुमची प्लेट. क्लचच्या खोड्या मुळात दोन: एक पकडत नाही, एक सोडत नाही. झिजलेली प्लेट पकडत नाही. ॲक्सिलरेटर दिला की इंजिन ओरडतं, आरपीएम चढतो, गाडी मात्र पुढे सरकायला कुरकुरते. चढावर, चार माणसं आणि सामान घेऊन रामटेकच्या गडावर जाताना हे चांगलं कळतं. तुमच्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाहिला, आरपीएम आणि वेग सोबतच चढले. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला तर इंजिन जागीच बंद पडलं. पकड चोख आहे.

प्लेट वाकली किंवा तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची बोटं तुटली तरी क्लच सुटत नाही, हे मलाही माहीत आहे. पण तशा गाडीत पेडल कितीही वेळा मारा, फरक पडत नाही. आणि इथे वहिनींचं एक वाक्य कामी आलं. गाडी देताना तुम्ही फोनवर होतात, तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "सिग्नलला क्लच दोन-तीनदा मारला ना, की पडतो गिअर." आमच्या पोराने ते जॉबकार्डावर जसंच्या तसं लिहून ठेवलं. पेडल पंप केल्यावर गिअर पडतो म्हणजे दोष बहुतेक तेलाच्या दाबात आहे. खरं तर अर्धं निदान वहिनींनीच केलं होतं.

तुमच्या गाडीचा क्लच तारेवर नाही, तेलावर चालतो. पेडलजवळ मास्टर सिलिंडर, तो तेल ढकलतो, आणि गिअरबॉक्सवर बाहेरच्या बाजूला स्लेव्ह सिलिंडर, तो त्या तेलाच्या दाबाने रॉड सरकवून क्लच सोडवतो. स्लेव्हचं रबरी बूट मागे सरकवलं तर आत ओलं. म्हणजे सील गेलं होतं. एकाने पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने रॉड पाहायचा, असं थंड आणि गरम गाडीत करून पाहिलं. गरम झाल्यावर रॉड डोळ्यांना दिसेल इतका कमी सरकत होता. तेल तापलं की पातळ होतं आणि झिजलेल्या सीलमधून जास्त निसटतं, म्हणून सकाळी ठीक आणि दुपारी त्रास.

बिलात 'ब्रेक ऑइल' पाहून तुम्हाला राग आला असावा. तुमच्या गाडीत ब्रेकची आणि क्लचची टाकी एकच आहे, त्यामुळे तेलही तेच. ते हवेतला ओलावा ओढतं. तुमच्या गाडीला लागणाऱ्या डॉट ४ तेलाचा उत्कलनबिंदू नवं असताना निदान २३० अंश असावा लागतो, पण पाणी मुरलं की तो १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. टाकीतलं तेल चहाच्या रंगाचं झालं होतं. नवतप्यात, बंद बॉनेटखाली, असल्या तेलावर मी स्वतःची गाडी चालवणार नाही. म्हणून नवा स्लेव्ह, पूर्ण नवं तेल आणि लाइनमधली हवा काढणं, एवढं काम केलं. क्लच सेट बदलला असता तर तुमचे १२ ते १५ हजार गेले असते, आणि स्लेव्ह तोच ठेवला असता तर गिअर परत तसाच अडला असता.

मॅट फेकलेली नाही, घडी करून ठेवली आहे. मूळ मॅटवर तुम्ही दुसरी जाड मॅट टाकली होती आणि क्लच पेडल तिच्यावर टेकून थांबत होतं. त्यातून पुढे सरकून ब्रेकखाली गेली तर काय होईल, ते सांगायला नको. कृपया ती परत घालू नका.

दुसऱ्या गिअरचा प्रश्न वेगळा आहे. क्लच नीट झाल्यावरही चालत्या गाडीत फक्त दुसरा घासतो, पहिला नाही, तिसरा नाही, रिव्हर्सही आता गप्प. क्लचचा दोष एकाच गिअरला धरून बसत नसतो. ही त्या गिअरची सिंक्रोनायझर रिंग झिजल्याची लक्षणं, आणि ती बदलायची तर गिअरबॉक्स उतरवून उघडावा लागतो. हे जॉबकार्डावर लिहिलं होतं, अंदाजी खर्चही सांगितला होता, तुम्ही 'सध्या नको' म्हणालात. माझ्या मते तो निर्णय बरोबर होता. ८६ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत थोड्या घासण्यासाठी घाईने गिअरबॉक्स उघडू नये. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना आधी वेग उतरवा, न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबा, मग टाका. हात गिअर लिव्हरवर ठेवून गाडी चालवायची सवय असेल तर तीही सोडा. दुसरा गिअर आपोआप सुटून न्यूट्रलमध्ये यायला लागला तर मात्र थांबू नका, गाडी घेऊन या.

त्या दुसऱ्या मेकॅनिकबद्दल मी काही बोलणार नाही. प्लेट बदलायचीच ठरली तर जुनी समोर उघडायला लावा, रिव्हेटच्या वर अस्तर किती उरलंय ते स्वतः पाहा आणि फोटो काढून इथे टाका. झिजलेली निघाली तर लोकांनाही कळू द्या.

तपासणीचे ६०० रुपये आमच्या फलकावर लिहिलेले आहेत आणि ते परत होत नाहीत. फुकट तपासणी आम्ही ठेवत नाही, कारण फुकट तपासणाऱ्याला कुठला तरी पार्ट विकावाच लागतो.

तुमचा जुना स्लेव्ह सिलिंडर पिशवीत घालून काउंटरमागच्या रॅकवर ठेवला आहे, तो तुमचाच आहे. न्यायला याल तेव्हा गाडी आणा, शक्यतो दुपारी दोननंतर, थोडी गर्दीतून चालवून. जमलं तर वहिनींनाही घेऊन या. पेडलची हालचाल पुन्हा मोजून देऊ, त्याचे पैसे लागणार नाहीत. रविवारी गॅरेज बंद असतं.