पाहुण्यांनी कधी यावं?

आमच्या भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर जूनमध्ये एक वाद ठरलेला असतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या श्रीवर्धनवर आदळलं, तिथून बोलणं सुरू होतं आणि पर्यटनावर येऊन अडतं. पुण्यातला मामेभाऊ म्हणतो, कोकण सावरायचं असेल तर लोकांनी तिकडे जाऊन चार पैसे खर्च करावेत, दुसरा उपाय नाही. गावातच राहणारा दादा म्हणतो, आधी वाडी उभी राहू दे, मग पाहुणे.

दादाचं दुखणं मला कळतं. त्याच्या वाडीतल्या रोठा सुपारीची झाडं त्या एका दुपारीत आडवी झाली. सुपारीचं नवं रोप फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. फळबागांना सरकारी मदत जाहीर झाली ती हेक्टरी ५० हजार, पण आमच्याकडे वाड्या मोजतात गुंठ्यांत. दहा गुंठ्यांच्या वाडीला त्या हिशोबाने येतात पाच हजार. झाडामागे मदत द्या, ही मागणी तेव्हा उगाच झाली नव्हती.

मी सतरा वर्षं कॅलिफोर्नियात आहे. या वादात माझं मत पक्कं झालं ते श्रीवर्धनमुळे नाही, माउईमुळे. हवाईमधल्या या बेटावर आम्ही मुलांच्या शाळेच्या सुट्टीत कितीदा तरी गेलो. लाहायना हे तिथलं जुनं गाव, एकेकाळची हवाईच्या राज्याची राजधानी. गावाच्या मधोमध एक वड आहे. १८७३ मध्ये भारतातून आणलेलं रोप तिथे लावलं होतं. आई आली होती तेव्हा त्या पारंब्यांखाली जाऊन तिने नकळत पायातल्या चपला काढल्या होत्या.

८ ऑगस्ट २०२३ ला ते गाव जळालं. १०२ माणसं गेली, दोन हजारांहून जास्त इमारती जळाल्या किंवा मोडल्या. दक्षिणेकडून जाणाऱ्या डोरा चक्रीवादळामुळे वारा भणाणत होता. तुटलेल्या वीजवाहिनीने सकाळी लागलेली आग विझली असं वाटलं आणि दुपारी ती पुन्हा भडकली. गावामागच्या उतारांवर पूर्वी उसाचे मळे होते. कारखाना १९९९ मध्ये बंद पडला, जमीन पडीक राहिली आणि तिच्यावर बाहेरून आलेलं गवत माजलं. आगीला सरपण आयतंच मिळालं.

मग सुरू झाला तोच आमचा वाद, नुसता वेगळ्या भाषेत. माउईचं पोट पर्यटनावर. पहिल्या काही आठवड्यांत ‘माउईला जाऊ नका’ असं जगभर पसरलं, आणि जिथे आगीची झळही लागली नव्हती त्या वायलेयातल्या हॉटेलांतल्या लोकांचीही कामं गेली. म्हणून गव्हर्नर जॉश ग्रीन यांनी ८ ऑक्टोबरपासून लाहायना आहे तो बेटाचा पश्चिम भाग पाहुण्यांना खुला करायचं ठरवलं. हजारो रहिवाशांनी सह्या करून थांबायला सांगितलं. घर गेलेली माणसं तेव्हा हॉटेलांच्याच खोल्यांत राहत होती. सकाळी आपल्या माणसांचा शोक करायचा आणि दुपारी पाहुण्याला हसून सरबत द्यायचं, हे कुणाकडून मागावं?

आम्ही त्या डिसेंबरचं बुकिंग रद्द केलं नाही, पण जागा बदलली. बेटाच्या मध्यावर वायलुकूत राहिलो, लाहायनाकडे फिरकलो नाही. जळलेली घरं पाहायला गाडीने चक्कर मारणारे मला तेव्हाही सहन झाले नाहीत, आजही होत नाहीत.

पण जावं की जाऊ नये, यापेक्षा मोठा प्रश्न मला तिथे दिसला. आम्ही पूर्वी ज्या फ्लॅटमध्ये उतरायचो, त्याचा मालक बेटावर कधी राहिलाच नव्हता. दर आठवड्याला तो फ्लॅट झाडून लख्ख करणारी बाई मात्र आता भाड्याच्या खोलीसाठी वणवण करत होती. नोव्हेंबरमध्ये लाहायनाच्या लोकांनी जवळच्याच कानापालीच्या किनाऱ्यावर, हॉटेलांसमोर, गळ टाकून मुक्काम ठोकला. त्यांचं म्हणणं एवढंच की पाहुण्यांना देता ती घरं आधी आम्हाला द्या. मे २०२४ मध्ये महापौर रिचर्ड बिसेन यांनी पाहुण्यांना अल्प मुदतीने दिले जाणारे सुमारे सात हजार फ्लॅट टप्प्याटप्प्याने रहिवाशांसाठी वळवण्याचा प्रस्ताव मांडला. त्याने सरकारचा महसूल बुडेल, रोजगार जातील, असा विरोध झाला. ती भीती खोटी नाही. आमच्यासारख्यांना परवडणाऱ्या जागाही त्यातच आहेत. तरीही मी त्या प्रस्तावाच्या बाजूने आहे. राबणाऱ्या माणसाला राहायला जागा नसेल, तर पाहुण्याच्या पैशाने बेट सावरलं असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

आणि म्हणूनच मामेभावाला मी सांगते, तुझं श्रीवर्धनबद्दल अजून तरी खरं आहे. तिथे खोली दादाची, पंगत वहिनीच्या हातची, नारळ शेजारच्या वाडीतला. तू दिलेला पैसा गावातच फिरतो. पण किनाऱ्यालगतच्या वाड्या मुंबई-पुण्याच्या लोकांच्या सुट्टीतल्या घरांसाठी विकल्या जाताहेत, आणि माउईचं असंच झालं. पुढच्या वादळानंतर ‘कोकणात या’ म्हणायला दादाच तिथे नसेल, तर तुम्ही कुणाकडे उतरणार? मदत मागायची ती यासाठीही मागा: झाड पडलं म्हणून वाडी विकायची पाळी येऊ नये.

लाहायनाचा वड करपला, पण मेला नाही. लोकांनी त्याला टँकरने पाणी घातलं, मुळांशी खत घातलं, आणि सप्टेंबरातच फांद्यांवर हिरवी पालवी दिसली. आईला फोटो पाठवला. तिने पहिलं विचारलं, तिथली माणसं परत आली का गं? काही आली आहेत. पुष्कळांची घरं अजून उभी राहायची आहेत.

मेमध्ये मी श्रीवर्धनला जाणार आहे. दादाला फोन करून विचारलं, कधी येऊ? तो म्हणाला, सुपारी सोलायला माणसं मिळत नाहीत, लवकर ये.