टर्की आणि शेवटचा गुरुवार

आपल्याकडे बंद पुकारला तरी दुपारपर्यंत निम्मी शटरं वर गेलेली असतात. इंग्लंडमध्ये २५ डिसेंबरचा बंद कुणी पुकारत नाही, पण तो पाळतात मात्र कडक. रेल्वे नाही, लंडनची ट्यूब म्हणजे भुयारी रेल्वे नाही, बसही क्वचितच कुठेतरी. इंग्लंड-वेल्ससाठी तर २००४ साली खास कायदा करून २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना नाताळच्या दिवशी टाळं लावलंय. २८० चौरस मीटर म्हणजे तीन हजार चौरस फूट, पुण्याच्या हिशोबात चार टू बीएचके. तेव्हा २४ तारखेला आमच्या रेडिंगमधली गर्दी बघितली की वाटतं, उद्यापासून शहराला मुघलांचा वेढा पडणार आहे.

२०२४ चा ख्रिसमस आम्ही दोघांनी शांतपणे घालवायचा ठरवलं होतं. मराठी मंडळींना सांगितलं, बाहेरगावी चाललोय. ऑफिसातल्यांना सांगितलं, मराठी मंडळींकडे चाललोय. बायकोच्या शांततेत रजई, पुस्तक आणि माझं गप्प बसणं एवढंच होतं. माझ्या शांततेत टर्की होती.

दोघांपुरती टर्की मिळत नाही. हा पक्षी एकत्र कुटुंबपद्धती मानणारा आहे. नुसता छातीचा भागही मिळतो, पण तो शहाण्या लोकांनी आधीच उचलला होता. उरलेल्यांत सगळ्यात लहान साडेतीन किलोची, आणि वेष्टनावर लिहिलेलं, सहा ते आठ जणांसाठी. "होईल की," मी म्हणालो. बायको काही बोलली नाही. शांतता सुरू झाली होती.

इंग्रज लोक टर्कीला मीठ, मिरपूड आणि लोणी फासून ओव्हनमध्ये ढकलतात आणि मग ती कोरडी झाली म्हणून वर्षानुवर्षं तक्रार करतात. मी कातडीखाली बोटं घालून आलं-लसूण, दही आणि चांगला मूठभर मालवणी मसाला आतपर्यंत सारला. अडीच तासांनी ती बाहेर आली तेव्हा कातडी अशी कुरकुरीत, की सुरी टेकवताच तडकली आणि लालसर तेलाचा ओघळ थेट बटाट्यांत. बायकोने पुस्तक बाजूला ठेवलं. लग्नानंतर असे प्रसंग फार येत नाहीत.

आम्ही भरपूर खाल्लं. टर्कीला त्याचा पत्ताही लागला नाही.

तीन वाजता राजाचं भाषण असतं. १९३२ साली पाचव्या जॉर्जने रेडिओवरून ही प्रथा पाडली, तेव्हापासून नाताळचं जेवण झालं की सुस्तावलेला देश राजघराण्याचं ऐकतो. चार्ल्सराजे बोलायला लागले आणि फोन वाजला. इथले तीन म्हणजे सांगलीत साडेआठ. आमच्याकडचं राजघराणं.

"अगं, झाली का जेवणं?" आईने विचारलं.

"हो आई, आत्ताच."

"काय केलं होतंस?"

बायकोने टेबलाकडे पाहिलं. "बटाटे," ती म्हणाली. बटाटे होतेच.

"बरं. उद्या मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, आहे ना लक्षात? उद्यापन करायचं. पाच सवाष्णी तरी बोलाव. आणि घरात ते तसलं काही नाही ना?"

"उद्या नसेल आई."

आई अख्खा मार्गशीर्ष पाळते. आम्ही परदेशी सवलतीत फक्त गुरुवार. पण गुरुवार म्हणजे गुरुवार. घट मांडलेल्या घरात साडेतीन किलोंमधली निदान अडीच किलो टर्की? मी पंचांगाचा आधार घेतला. इंग्रजांचा वार मध्यरात्री बदलतो, आपला सूर्योदयाला. डिसेंबरात इथे सूर्य आठ वाजून गेल्यावर उगवतो. म्हणजे धर्मशास्त्राप्रमाणे सकाळी आठपर्यंत बुधवारच! बायको म्हणाली, मग आठपर्यंत खात बस.

आधी नारळ. सुपरमार्केट कायद्याने बंद, पण कोपऱ्यावरचं श्रीलंकन तमिळ दुकान दीड टू बीएचकेसुद्धा नाही, त्यामुळे ते राजरोस उघडं. नारळ मिळाला, सुपारी मिळाली, विड्याची पानं जरा मरगळलेली, पण मिळाली. अडलं ते पाच डहाळ्यांशी. इथली झाडं डिसेंबरात अगदी उघडीवाघडी असतात. हिरवं म्हणावं ते मोजकंच. शेजारच्या आजीबाईंच्या कुंपणावरची हॉली (त्यांना विचारून), भिंतीवरची आयव्ही, कुंडीतलं तमालपत्र, रोझमेरी, आणि पाचवी डहाळी आमच्याच ख्रिसमस ट्रीची. हॉलीला काटे असतात. नारळ कलशावर बसेना, बसला तो जरा तिरका, कलत्या टोपीतल्या साहेबासारखा. देवीने काही तक्रार केली नाही.

सवाष्णी हा खरा प्रश्न. आम्ही तर बाहेरगावी होतो. बायकोने धीर करून पहिला फोन लावला, "अगं, आमचं जाणं रद्द झालं." पलीकडून उत्तर आलं, "अय्या, आमचंही!" दुसरीचंही रद्द झालेलं. तिसरीच्या नवऱ्याला ऐनवेळी ताप आला होता, पण मागे तो कुठल्याशा मॅचवर ओरडत होता. अर्ध्या तासात कळलं की रेडिंगमधली यच्चयावत मराठी जोडपी एकमेकांना चुकवून दोन मैलांच्या परिघात शांत ख्रिसमस करत बसली आहेत. सगळ्या एका पायावर तयार. दोघांनी एकमेकांकडे बघून बघून किती बघायचं, असं एकीने बोलूनही दाखवलं. नवरा शेजारीच असावा.

राहता राहिली टर्की. फ्रीजमध्ये ठेवायची नाही, कारण नैवेद्याची खीर तिथेच. बागेत ठेवायची नाही, कारण कोल्हे. रेडिंगचे कोल्हे आपल्याकडच्या मांजरांइतके सोकावलेले. कचऱ्याची गाडी नाताळच्या वेळापत्रकात कधी येणार ते एकट्या कौन्सिलला ठाऊक. शेवटी तीन पिशव्यांत बांधून मी ती गाडीच्या डिकीत ठेवली. गाडी म्हणजे काही घर नव्हे, इतपत धर्मशास्त्र मलाही कळतं. पण बर्फ सोडा, त्या नाताळला साधी कडाक्याची थंडीही पडली नाही.

उद्यापन दणक्यात झालं. कहाणी वाचली, हळदीकुंकू झालं, पोथ्या वाटल्या. शेजारच्या आजीबाई हॉलीची चौकशी करायला आल्या त्या खीर संपेपर्यंत बसल्या, कपाळाला कुंकू आणि डोक्यावर आदल्या दिवशीच्या ख्रिसमस क्रॅकरमधला (म्हणजे दोन टोकं ओढून फोडायच्या कागदी नळीतला) कागदी मुकुट. आई व्हिडिओवर हे सगळं पाहून इतकी खूश झाली, की नारळ तिरका का हे विचारायचं विसरली.

निघायची वेळ झाली. २६ तारखेलाही बहुतेक गाड्या बंद, आणि ज्यांचे नवरे बायकांना सोडून बॉक्सिंग डेच्या सेलला गेले होते, ते अजून रांगेतच. मला सोडायला जाणं भाग होतं. कोल्हापूरच्या वहिनी सगळ्यांची ओटी, फळं, नारळ, प्रसादाचे डबे असं सगळं दोन्ही हातांत सांभाळत गाडीपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या,

"भावजी, डिकी उघडा बघू जरा."