गाइड डॉगनं रस्त्यावरचं उचललं म्हणजे त्याला उपाशी ठेवलंय? तो व्हिडिओ पुढं पाठवायच्या आधी हे वाचा

गेल्या आठवड्यात एकच व्हिडिओ मला तीनदा आला, आधी आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या गल्लीच्या ग्रुपवर, मग नातेवाइकांच्या ग्रुपवर आणि काल निपाणीच्या मामेभावाकडून. परदेशातला फुटपाथ, हार्नेस (अंगाभोवतीचा पट्टा, वर ताठ हँडल) घातलेला पिवळा लॅब्राडॉर, हार्नेसचं हँडल धरून चालणारी एक अंध बाई. कुत्रा चालता चालता मान खाली घालतो, काहीतरी उचलतो, बाई थांबते, वाकते आणि त्याच्या तोंडात बोटं घालून ते बाहेर काढते. एवढाच व्हिडिओ. खाली मराठीत मजकूर असा, की या कुत्र्याला मुद्दाम उपाशी ठेवतात म्हणून तो उकिरड्यातलं खातो, खरं ट्रेनिंग झालेला कुत्रा असं कधीच करत नाही, मालकाला दिसत नाही म्हणून कुत्र्याचे हाल होतात, आणि असा कुत्रा दिसला तर गपचूप त्याला खायला घाला, पुण्य लागेल, आपल्या गल्लीतली कुत्री सगळं पचवतात त्याला काय होतंय. खाली हात जोडलेले आणि रडके इमोजी पन्नासेक.

मी हे सगळं सोडून दिलं असतं पण माझी सख्खी मोठी बहीण अंध आहे, लग्न होऊन इंग्लंडला लेस्टरला असते, आणि तिच्याकडं गाइड डॉग, म्हणजे अंध माणसाला वाट दाखवायला शिकवलेला कुत्रा, आहे, बार्नी. ताई डिसेंबरात बेळगावला आली होती (बार्नीला तिकडंच ठेवून, इथं ती पांढरी काठी नाहीतर माझं कोपर धरून चालते), तेव्हा गल्लीतल्या एका काकूंनी तिला तोंडावर विचारलं, "काय गं, कुत्र्याला उपाशी ठेवतीस म्हणे तुम्ही लोक?" ताई हसली, पण घरी आल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते, लांबलं तर लांबू दे.

आधी उपाशी ठेवण्याचं. मी मागच्या वर्षी तीन महिने तिच्याकडं राहून आलेय. बार्नीला दिवसातून दोनदा मापानं खायला असतं, वजन करून. ताट खाली ठेवलं तरी तो बसून राहतो, ताई शिट्टी वाजवते मग खातो, हे त्याला पिल्लू असल्यापासून शिकवलंय. चालताना बक्षीस म्हणून जे दाणे द्यायचे ते पण त्याच दिवसाच्या मापातून काढून कमरेच्या पिशवीत घालायचे. अधूनमधून वजन तपासतात, एखादा किलो वाढला तरी माप कमी करायला सांगतात. अन् एवढं खाऊनसुद्धा बार्नी बसस्टॉपवर पडलेल्या चिप्सकडं बघतोच. का? तर तो लॅब्राडॉर आहे म्हणून, आणि हे मी नुसतं कौतुकानं सांगत नाहीये, याला विज्ञान आहे.

2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की बऱ्याच लॅब्राडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जीनचा एक छोटा तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याचा, अंगात चरबी पुरेशी असल्याचा जो निरोप मेंदूला जायला पाहिजे तो त्यामुळं नीट जात नाही. घरगुती लॅबमध्ये साधारण चारात एकाला हा बदल होता, आणि त्यांनी तपासलेल्या मदतनीस कुत्र्यांमध्ये, म्हणजे ज्यातून गाइड डॉग येतात त्यांच्यात, 76 टक्क्यांना! यामागचा त्यांचा अंदाज असा की खाण्याच्या बक्षिसावर जी कुत्री पटापट शिकतात तीच ट्रेनिंगला आणि पुढं पैदाशीला निवडली गेली असतील. म्हणजे ज्या हावरेपणामुळं ती शिकतात तोच हावरेपणा रस्त्यावर त्यांना खाली ओढतो. पुढं 2024 मध्ये त्याच गटानं आणखी काम केलं. कुत्र्यांना आधी हवं तेवढं खाऊ दिलं, तर हा बदल असलेली आणि नसलेली सारखंच खातात. पण जेवणानंतर तीन तासांनी भोकं असलेल्या डब्यात सॉसेज ठेवून दाखवलं तर बदल असलेली कुत्री त्या डब्यापाशी जास्त झटतात. शिवाय आरामात असताना ती साधारण 25 टक्के कमी ऊर्जा जाळतात, त्यामुळं भूक लवकर आणि खर्च कमी, दोन्हीकडनं अडचण. तेव्हा खालचं उचललं एवढ्यावरून कुत्रा उपाशी आहे असं ठरवताच येत नाही. पोट भरलेला कुत्रा सुद्धा उचलतो. उपाशी आहे का हे बघायचं तर बरगड्या बघा, कातडी बघा, आणि त्या व्हिडिओतला कुत्रा चांगला गुबगुबीत आहे की हो.

दुसरा मुद्दा, खरं ट्रेनिंग झालेला कुत्रा उचलतच नाही. गाइड डॉगची पहिली शाळा 1916 मध्ये जर्मनीत ओल्डनबर्गला निघाली, पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी. तेव्हापासून शंभरावर वर्षं ट्रेनिंग चाललंय आणि कुत्र्याचं नाक अजून कुणाला बंद करता आलेलं नाही. ट्रेनिंग म्हणजे काय, तर "लीव्ह इट" म्हटल्यावर सोडणं, पायऱ्यांपाशी थांबणं, अडथळ्याला वळसा घालणं. इच्छा मारणं नव्हे. आणि ट्रेनिंग एकदा करून संपत नाही, मालकाला ते रोज टिकवावं लागतं. काहीजण तोंडावरून जाणारा पट्टा वापरतात, काहीजण बागेत मोकळं सोडताना तोंडाला जाळीचं मझल घालतात, म्हणजे खालचं उचलता येत नाही, आणि गळ्यात घुंगरू बांधतात, म्हणजे कुत्रा कुठं गेला ते ऐकू येतं. व्हिडिओतली बाई तोंडात बोटं घालते ना, ज्याला हाल म्हणून दाखवलंय, ती त्याचा जीव वाचवत्येय.

आता तिसरा, दिसत नाही म्हणून कळत नाही. हा मला सगळ्यात जास्त लागला. लेस्टरला बेलग्रेव्ह रोड म्हणून रस्ता आहे, दोन्ही बाजूला आपल्या मिठाईची, फरसाणाची दुकानं, वास तर असा की ताईला गणपत गल्लीत आल्यासारखं वाटतं म्हणते. एका संध्याकाळी आम्ही तिघं तिथनं चाललो होतो, मी ताईच्या उजव्या बाजूला, बार्नी डावीकडं. मी दुकानांच्या पाट्या वाचत होते. एकदम ताई म्हणाली, "लीव्ह इट," आणि पाय रोवून थांबली. मी खाली बघितलं तर बार्नीच्या नाकापासून वीतभर अंतरावर अर्धा समोसा. मला दोन्ही डोळे असून दिसला नव्हता! मी विचारलं तुला कसं कळलं गं, तर म्हणाली, "हँडल पुढं झुकलं की. त्याचा खांदा खाली गेला की माझं मनगट खाली जातं. आणि वास घेत असला तर हँडलला बारीक हिसके बसतात, मान नुसती वळवली तर बसत नाहीत." मग तिनं माझा हात हँडलवर ठेवला आणि परत चालायला लावलं. खरंच, ते ताठ हँडल सगळं सांगतं, दहा पावलांत मला चालीतला फरक कळायला लागला. दरवेळी तिला वेळेवर कळतंच असं नाही, कधी बार्नी जिंकतो, तेव्हा ती गुडघ्यावर बसून त्याचा जबडा उघडते. तिला दिसत नाही हे खरं, पण म्हणून कुत्र्याकडं लक्ष नाही हे खोटं.

आणि आता जे सगळ्यात धोक्याचं आहे, गपचूप खायला घाला, पुण्य लागेल. हे पुण्य मी स्वतः करून बसलेय म्हणून सांगते. तिकडं पहिल्या आठवड्यात जेवताना बार्नी टेबलाखाली माझ्या पायावर डोकं ठेवायचा, मला राहवेना, मी ताईला न सांगता रोज चपातीचा तुकडा द्यायचे. चारच दिवस. पाचव्या दिवशी ताई एका कॅफेत गेली तर बार्नी, जो एरवी खुर्चीखाली निवांत झोपतो, तो शेजारच्या टेबलांखाली घुसायला लागला, ताईच्या हातातला कॉफीचा कप सांडला, लोक बघायला लागले. त्याच रात्री त्याचं पोट बिघडलं. रात्री दोनला ताई मागच्या अंगणात, थंडीत, हातात पिशवी घेऊन, चाचपडत साफ करत्येय, आणि दुसऱ्या दिवशी बार्नीला कामावर नेता येत नाही म्हणून ती घरात बसून. मी रडत कबूल केलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अगं, तू मला सांगितलं असतंस तर मी मापातनं कमी केलं असतं." चपाती विष नाही, कुत्रा चपाती खाऊ शकतो, पण न सांगता दिलेला तुकडा मोजता येत नाही. वजनाचा हिशोब सोडा, त्यातनं कुत्रा शिकतो की अनोळखी हातातनं खायला येतं, मग तो रस्त्यानं मालकाकडं कमी आणि लोकांच्या हातांकडं जास्त बघतो, आणि रस्ता ओलांडताना हे किती महागात पडेल विचार करा.

कमी खायला घालणं म्हणजे हाल, हे पण तपासून बघा. 48 लॅब्राडॉरच्या एका अभ्यासात, 2002 मध्ये छापून आलाय, कुत्र्यांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खायला दिलं आणि जन्मभर बघितलं. कमी खाणारी साधारण 13 वर्षं जगली, दुसरी 11.2. सांध्यांचा त्रास पण त्यांना उशिरा सुरू झाला. गाइड डॉगला तर दिवसभर चालायचंय.

राहिलं ते गल्लीतली कुत्री सगळं पचवतात. पचवतात ती आपल्याला दिसतात, जी मरतात ती पहाटे कुणीतरी उचलून नेतं, आपण विचारतपण नाही. आपल्याकडं रस्त्यावर काय काय पडतं बघा. खडेबाजारात रात्री शिजवलेल्या चिकनची हाडं, जी चावताना टोकदार फुटतात आणि घशात, आतड्यात रुततात. गिरमिटातला (आपल्याकडची चुरमुऱ्यांची भेळच ती) कच्चा कांदा, भज्यातला शिजलेला कांदा, दोन्ही वाईट, कांद्या-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, आणि लक्षणं दोनतीन दिवसांनी दिसतात तोवर कुणाला आठवतपण नाही काय खाल्लं होतं. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे, आपण प्रेमानं प्रसाद म्हणून देतो, पण द्राक्ष-बेदाण्यानं कुत्र्याची किडनी जाऊ शकते, आणि किती खाल्ल्यावर जाईल याचा नेम नाही. अमावास्येला तिकटीवर ठेवलेला उतारा, दहीभात, अंडं, वर लिंबू, कधी त्यात टाचण्या. चॉकलेटचं तर बहुतेकांना माहीत असतं.

आमच्या राणीचं (ती पण लॅब, पण साधी घरची) मागच्या पावसाळ्यात झालं ते सांगते. किल्ला तलावाकडं फिरायला नेलं होतं, कुणीतरी भाजलेल्या कणसाचं बुरकुंड (दाणे खाल्ल्यावर उरतो तो दांडा) टाकलेलं, मी फोनवर बोलत होते तेवढ्यात तिनं उचललं, मी तोंड उघडेपर्यंत गिळलं. दोन दिवस उलट्या, पाणी पण ठरेना. शेवटी ऑपरेशन. डॉक्टरांनी ट्रेमध्ये ते दाखवलं, अंगठ्याएवढा तुकडा, कडा अजून तशाच खरखरीत, आतड्यात जाऊन बुचासारखा बसला होता. कणसाचं बुरकुंड कुत्र्याच्या पोटात विरघळतच नाही. राणी वाचली. मला दिसतं, तरी माझ्या हातनं हे झालं, आणि मला कुणी म्हणालं नाही की तुला कुत्रा सांभाळता येत नाही.

गवत खातो म्हणजे पोटात काही नाही, असं पण त्या व्हिडिओखाली एकानं लिहिलंय. भरल्या पोटाची कुत्री पण गवत खातात, एवढंच.

काकूंना मी हे सगळं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "मग आम्ही करायचं काय ते तरी सांग की." मी तिथल्या तिथं ताईला फोन लावून दिला. ताईनं सांगितलं ते असं, हार्नेस घातलेल्या कुत्र्याला हाक मारू नका, हात लावू नका, च्यक च्यक करू नका, बोलायचं ते माणसाशी बोला. पुढं काही पडलेलं दिसलं तर नुसतं सांगा, डावीकडं हाडं पडलीत. आणि कुत्र्यानं काही गिळताना बघितलंत तर गप्प बसू नका, काय होतं, केवढं होतं, कागदासकट गिळलं का, हे मालकाला लगेच सांगा, कारण डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात आणि त्याचं उत्तर त्या वेळी फक्त तुमच्याकडं असतं.