'मर्यादित सरकार' हे तत्त्व होतं की आडोसा?

1964 च्या अमेरिकन नागरी हक्क कायद्याने खासगी हॉटेलं, उपाहारगृहं आणि नोकऱ्यांतही वंशभेदाला बंदी घातली. त्याला विरोध करणाऱ्यांचा आक्षेप खरोखर सरकारी ढवळाढवळीला होता, की तो वंशद्वेषावर चढवलेला सदरा होता? हा वाद नेहमी 'त्यांच्या मनात काय होतं' इथे येऊन अडतो. मनात कुणालाच शिरता येत नाही, पण दप्तर तपासता येतं. म्हणून माझा प्रश्न साधा आहे : हेच सरकार भेदभाव करायला भाग पाडत होतं, तेव्हा ही मंडळी काय म्हणत होती?

अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहराचा नियम बघा. गोऱ्यांना आणि कृष्णवर्णीयांना एकाच खोलीत जेवू घालायचं तर मध्ये जमिनीपासून किमान 7 फूट उंच भरीव आडभिंत हवी आणि रस्त्यावरून वेगळं दार हवं. मालकाची इच्छा असो वा नसो! लुइझियानाचा 1890 चा रेल्वे कायदा तर प्रवाशाला चुकीच्या डब्यात बसवणाऱ्या कर्मचाऱ्यालाच 25 डॉलर दंड किंवा 20 दिवसांपर्यंत कैद सुनावत होता. जादा डब्यांचा खर्च अर्थातच खासगी कंपनीच्या माथी. मालकीहक्काची एवढी काळजी असणाऱ्यांनी इथे बोंब मारायला हवी होती. दक्षिणेतल्या बहुतेक पुढाऱ्यांनी हे कायदे केले तरी, नाहीतर राखले तरी.

'राज्यांचे हक्क', म्हणजे राज्यांच्या कारभारात केंद्राने लुडबुड करू नये, हेही सोयीनुसारच. 1850 च्या पळपुट्या गुलामांच्या कायद्यात केंद्राने उत्तरेतल्या राज्यांच्या हद्दीत घुसून माणसं धरून आणायची होती, आणि ते दक्षिणेला हवंच होतं. उत्तरेतली राज्यं सहकार्य करत नाहीत, ही तक्रार साउथ कॅरोलिनाने 1860 मध्ये अमेरिकी संघराज्यातून फुटून निघताना लेखी नोंदवली आहे. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने 1959 मध्ये गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांचं एकत्र शिक्षण टाळण्यासाठी सरकारी शाळांना कुलूप लावलं आणि गोऱ्या मुलांच्या खासगी शाळेला सार्वजनिक पैशातून मदत पोचवली. याला मर्यादित सरकार म्हणायचं असेल तर शब्दकोशच बदलावा लागेल.

पण सगळ्यांना एकाच काठीने हाकणंही बरोबर नाही. ॲरिझोनाचा सिनेटर आणि 1964 मधला रिपब्लिकन पक्षाचा अध्यक्षीय उमेदवार बॅरी गोल्डवॉटर या कसोटीवर बराचसा उतरतो. 1957 आणि 1960 च्या नागरी हक्क विधेयकांना त्याचा पाठिंबा होता, ॲरिझोनाच्या एअर नॅशनल गार्डमधला भेद मोडायला हातभार लावला होता. 1964 मध्ये विरोधात मत देताना त्याचा आक्षेप हॉटेलं-उपाहारगृहं आणि नोकऱ्या या दोनच भागांना होता. त्याला मी ढोंगी म्हणणार नाही. मात्र त्याच वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत त्याला स्वतःच्या ॲरिझोनाखेरीज फक्त खोल दक्षिणेतली पाच राज्यं मिळाली, मिसिसिपीत तर 87 टक्के मतं. मतदारांनी त्याच्या 'नाही'चा अर्थ आपल्या सोयीने लावला, आणि तसा तो लावला जाईल हे न कळण्याइतका तो भोळा नव्हता.

प्रामाणिक आक्षेपातही एक भोक आहे, आणि ते मला ढोंगापेक्षा महत्त्वाचं वाटतं. फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या उपाहारगृहाच्या काउंटरवर निषेध म्हणून बसलेल्या आणि तिथून न उठणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला मालक स्वतः उचलत नव्हता. तो पोलिसांना बोलवायचा. मग अतिक्रमणाचा गुन्हा, सरकारी वकील, न्यायाधीश, तुरुंग. म्हणजे सरकार आधीपासून त्या काउंटरवर होतंच, मालकाच्या बाजूला. शिवाय खऱ्या खासगीपणाला कायद्याने जागा ठेवली होती : मालक स्वतः राहत असलेलं, भाड्याच्या पाचपेक्षा जास्त खोल्या नसलेलं घर आणि खरेखुरे खासगी क्लब वगळलेले होते. या कायद्याविरुद्ध खटला लढायला गेलं ते अटलांटातलं 216 खोल्यांचं मोटेल!

एक आक्षेप मात्र कायद्याच्या अंगाने वजनदार होता. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या 1883 च्या निकालाने ठरवलं होतं की कायद्याचं समान संरक्षण देणारी संविधानाची चौदावी दुरुस्ती राज्यांना बांधते, खासगी मालकांना नाही. म्हणून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, आंतरराज्य व्यापाराच्या अधिकाराचा आधार घेतला, आणि माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न प्रवासी नि मालवाहतुकीच्या भाषेत मांडावा लागला.

'ही खासगी जागा आहे' हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही. महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्यात 1927 साली स्पृश्य वादींनी तोच केला होता; 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ते हरले. पुढे आपल्या संविधानाच्या कलम 15(2) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव आणि स्नानघाट थेट नाव घेऊन लिहिले गेले. व्यापाराच्या कलमातून वाट काढायची वेळ इथे आली नाही.