मेंढपाळ कोकराचा पाय मोडतो? बायबलमध्ये असं कुठेही नाही

नागपुरातल्या बऱ्याच ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की, बायबल काळातला मेंढपाळ सारख्या भटकणाऱ्या कोकराचा पाय मुद्दाम मोडायचा आणि तो जुळेपर्यंत त्याला खांद्यावर वाहायचा. म्हणून पुढाऱ्यानेही मंडळीला अशीच शिस्त लावावी.

ही गोष्ट जुन्या करारात नाही, नव्यातही नाही. नव्या करारातल्या लूकच्या पुस्तकात, १५ व्या अध्यायातला मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरं मागे ठेवून हरवलेल्या एकाला शोधतो, सापडल्यावर आनंदाने खांद्यावर घेतो आणि शेजाऱ्यांना बोलावतो. पाय मोडण्याचा उल्लेख नाही, रागावण्याचासुद्धा नाही. जुन्या करारातल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३४ वा अध्याय तर नेमकं उलट सांगतो. इस्राएलच्या पुढाऱ्यांवर तिथे (वचन ४) ठपकाच हा आहे की, मोडलेल्याला त्यांनी पट्टी बांधली नाही, आणि कळपावर जबरीने सत्ता गाजवली. पुढे १६ व्या वचनात देव म्हणतो, ते बांधायचं काम मी करीन.

व्यवहारातही हे पटत नाही. विदर्भात उन्हाळ्यात मोकळ्या शेतांत मेंढरं बसवणाऱ्या कुठल्याही धनगराला विचारा. कळप रोज चालता हवा. लंगडं जनावर मागे पडतं, जखम चिघळते, वरून लांडग्या-कुत्र्यांची भीती. ओढाळ जनावराच्या गळ्यात फार तर लोढणं बांधतात. पोटाला देणारं जनावर कोण स्वतःच्या हाताने अधू करेल?

शिस्त नको, असं कुणी म्हणत नाही. स्तोत्र २३ मध्ये काठी आहेच, पण ती धीर देते. आणि येशूचा शिष्य पेत्र याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना, स्पष्ट बजावलंय (१ पेत्र ५:३): धनीपणा करू नका, कित्ता व्हा.

मेसेज पुन्हा आला तर उत्तरात यहेज्केल ३४:४ पाठवा.