रेडिएटर नवा, पंप नवा, थर्मोस्टॅट नवा, तरी गाडी तापतेच

सामान बदलून झालं, कूलंट नवं भरलं, आणि दोन दिवसांत तापमानाचा काटा पुन्हा लाल पट्टीकडे. यावर कुणीतरी एक सल्ला हमखास देतं: "थर्मोस्टॅट काढूनच टाका, कटकट नको." हा सल्ला ऐकू नका.

थर्मोस्टॅट म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप. अनेक इंजिनांत त्याला दोन चकत्या असतात. एक रेडिएटरची वाट उघडते आणि त्याच वेळी दुसरी बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून पंपाकडे परतणारी, वाट बंद करते. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा राहतो आणि गरम पाण्यातलं बरंचसं रेडिएटरचं तोंडही न बघता पंपाकडे परत येतं. म्हणजे गाडी थंड राहायची सोडून लोड आला की जास्तच तापते. ज्या इंजिनात असा बायपास नाही, तिथे ती नेहमी थंड चालते, पेट्रोल जास्त पिते आणि मूळ दोष झाकला जातो. "पाणी फार वेगाने पळतं म्हणून त्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही" हेही खरं नाही. प्रवाह वाढला की उष्णता जास्तच काढली जाते.

थर्मोस्टॅटवर संशय असेल तर तो तपासता येतो. दोऱ्याने बांधून पातेल्यातल्या पाण्यात लोंबता ठेवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्याच्या दोनतीन अंश अलीकडे-पलीकडे उघडायला लागला आणि पाणी उकळेपर्यंत ८ मिमीच्या आसपास उघडला, तर तो निर्दोष आहे. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनकडे आणि छोटा हलता पिन असेल तर तो वरच्या टोकाला, कारण हवा तिथूनच बाहेर पडते. पिन खाली गेला तर नवाकोरा थर्मोस्टॅटही हवा अडवून धरतो.

कुठलाही पार्ट मागवण्याआधी एक प्रश्न विचारा: गाडी तापते केव्हा? सिग्नलला, रांगेत उभी असताना तापते आणि वेग घेतला की उतरते, तर हवेचा प्रश्न आहे: फॅन, आच्छादन, जाळी. हमरस्त्यावर किंवा चढावर तापते आणि सावकाश चालवली की बरी असते, तर पाण्याचा प्रवाह कमी पडतोय किंवा रेडिएटर आतून चोंदलाय. थंड इंजिन सुरू करून पाचसात मिनिटांतच काटा चढतो, तर थर्मोस्टॅट अडकलाय, आत हवा अडकलीय किंवा हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांमधली सीलची पट्टी) गेलंय. हे विचारल्याशिवाय जो मेकॅनिक रेडिएटर उतरवायला घेतो, तो तुमच्या पैशाने अंदाज बांधतोय.

आणि खरंच तापतेय का, तेही बघा. डॅशबोर्डवरचा काटा बऱ्याच गाड्यांत मुद्दाम मध्यावर खिळवलेला असतो. पाणी ८० अंशांवर असो की १०५ वर, तो हलत नाही आणि मग एकदम उडी मारतो. स्कॅनर लावून सेन्सरचं खरं तापमान वाचा. हेडलाइट लावताच काटा चढत असेल तर अर्थिंग तपासा, पाण्याचा काही संबंध नाही. उलट, तापलेल्या गाडीचा काटा अचानक खाली पडला तर खूश होऊ नका. सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडला असेल, म्हणजे पाणी संपलंय. लगेच इंजिन बंद करा.

आता दुरुस्तीनंतरचा सगळ्यात मोठा गुन्हेगार: आत अडकलेली हवा. गाडीच्या पुस्तिकेत कूलंटची एकूण क्षमता लिहिलेली असते. समजा ती ६ लिटर आहे आणि तुमच्या गाडीत साडेचारच गेलं. मग उरलेल्या दीड लिटरच्या जागेत एक तर हवा आहे किंवा इंजिनच्या ब्लॉकमधलं जुनं पाणी, कारण ब्लॉकचा ड्रेन प्लग उघडायचे कष्ट फारसं कुणी घेत नाही. साध्या पाण्याने फ्लश करून वर अर्धं-अर्धं तयार मिश्रण ओतलं तर आत ते पातळच होतं. म्हणून फ्लशनंतर आधी एकूण क्षमतेच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) ओता, मग वरून डिस्टिल्ड वॉटर. प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबावरून मिश्रणाची तीव्रता दाखवणारं उपकरण) बघा, रंगावर जाऊ नका. रंग कंपनीच्या मर्जीचा असतो. दोन वेगळ्या रसायनांची कूलंटं मिसळली तर आत चिखल होऊ शकतो आणि तो आधी हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो.

हवा काढायची ती अशी. इंजिन पूर्ण थंड. गाडीचं नाक चढावर किंवा रॅम्पवर वर. हीटर पूर्ण गरमवर, कारण काही गाड्यांत हीटरच्या वॉल्वमागे हवा दडून बसते. ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) असेल तर तो सैल करून सावकाश भरा, तिथून बुडबुड्याविना सलग धार आली की घट्ट करा. तोंडाला घट्ट बसणारं फनेल लावून इंजिन आयडलवर ठेवा, मधूनमधून दोन हजार फेऱ्यांपर्यंत रेस द्या. थर्मोस्टॅट उघडला की वरचा होज एकाएकी गरम होतो आणि फनेलमधली पातळी खचकन उतरते, तेव्हा भरत राहा. फॅन दोनदा चालू-बंद होऊ द्या आणि केबिनमध्ये कडक गरम हवा येतेय ना ते बघा. रेस दिल्यावर गरम आणि आयडलला थंड हवा येत असेल तर हवा अजून आहे, किंवा पातळी कमी आहे, किंवा पंप ढकलत नाही. दुसऱ्या दिवशी थंड गाडीत पातळी पुन्हा पाहा. एकदा थोडी उतरणं साहजिक आहे. बाहेर थेंबही गळत नसताना रोज सकाळी उतरत असेल, तर प्रकरण आतलं आहे.

रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं दाब धरणारं झाकण हा सगळ्यात स्वस्त पार्ट, आणि तोच बदलायचा राहतो. बहुतेक झाकणं ०.९ ते १.१ बारची असतात. एक बार जादा दाबाखाली साधं पाणी शंभराऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं, अर्धं-अर्धं मिश्रण सव्वाशेच्या वर. झाकण दाब धरत नसेल तर शंभरच्या थोडं वरच उकळी फुटते, कूलंट बाटलीत फेकलं जातं, आणि सगळे शोधत बसतात की पाणी जातं कुठे. गाडी थंड झाल्यावर वरचा होज चपटा झालेला दिसला, तर झाकणातला आत ओढणारा वॉल्व अडकलाय. हे झाकण गरम असताना कधीही उघडू नका. दाब सुटताच पाणी आतल्या आत उकळून अंगावर उसळतं.

फॅनमध्ये दुरुस्तीनंतर हमखास होणारी गंमत म्हणजे उलटी वायरिंग. फॅन फिरतो, आवाज करतो, पण हवा पुढे फेकतो. फॅन रेडिएटरच्या मागे असेल तर एसीच्या कंडेन्सरच्या (रेडिएटरपुढची जाळी) पुढे कागद धरा, तो जाळीला चिकटायला हवा. एसी लावला की फॅन लागतो का पाहा. दोन वेगांचा असेल तर रेझिस्टर जळून एकच वेग उरलेला असतो. आणि कंडेन्सर-रेडिएटरमधल्या फोमच्या पट्ट्या, फॅनचं प्लास्टिकचं आच्छादन? ते "उगाच अडचण" म्हणून कोपऱ्यात पडलेलं असतं. त्याशिवाय फॅन तीच गरम हवा फिरवून पुन्हा ओढतो. कंडेन्सर आणि रेडिएटरमधल्या फटीत माती-किड्यांचा थर बसतो, तो पुढून दिसतही नाही.

प्रवाह तपासायला इन्फ्रारेड गन बरी, पण चकचकीत धातूवर ती तापमान बरंच कमी दाखवते. काळी टेप चिकटवून तिच्यावर मोजा. इंजिन तापलेलं असताना वरचा पाइप ९५ आणि खालचा ४० दिसला, तर पाणी पुढे जातच नाही: थर्मोस्टॅट, हवा, पंप किंवा चोंदलेला रेडिएटर. दोन्ही जवळपास सारखे गरम असतील तर पाणी फिरतंय, पण रेडिएटर उष्णता सोडत नाही, म्हणजे परत बाहेरच्या हवेकडे, फॅन-आच्छादन-जाळीकडे या. जाळीवर एखादा पट्टा थंडगार लागला तर तेवढ्या नळ्या बंद आहेत.

नवा पंपही चुकीचा असू शकतो. बाहेरून तंतोतंत तसाच दिसणारा, पण उलट्या फिरण्यासाठी बनवलेल्या पात्यांचा पंप मिळतो. बेल्ट चुकीच्या वाटेने घातला तर योग्य पंपही उलटा फिरतो. जुन्यात प्लास्टिकची पाती शाफ्टवर घसरते: पुली फिरते, पाणी नाही. खालच्या होजकडेही बघा. तो पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. मऊ पडलेला किंवा आतली स्प्रिंग न घातलेला होज रेस दिली की आत दबतो आणि प्रवाह गळ्यातच आवळला जातो. उभ्या गाडीत आयडलला हे दिसत नाही.

हे सगळं ठीक निघालं तरच हेड गॅस्केट. "ऑइल स्वच्छ आहे, मग गॅस्केट चांगलंच" हे साफ चूक. गॅस्केट फक्त सिलिंडर आणि पाण्याच्या वाटेमध्ये फाटलं, तर ऑइलमध्ये पाण्याचा टिपूसही येत नाही. थंड इंजिन सुरू करा आणि मिनिटभरात वरचा होज दाबून पाहा. पाणी गार असताना होज दगडासारखा झाला, तर तो दाब उष्णतेचा नाही, सिलिंडरमधल्या वायूचा आहे. मग ब्लॉक टेस्टर (कूलंटवरची हवा निळ्या द्रवातून ओढून जळका वायू ओळखणारं साधन) लावा: आधी पातळी थोडी कमी करा, नाहीतर कूलंट ओढलं जाऊन चाचणी वाया जाते. निळं द्रव पिवळं झालं की जळका वायू पाण्यात येतोय. डिझेलमध्ये आयडलला कार्बन डायऑक्साइड कमी असतो, म्हणून लोड देऊन जास्त वेळ बघा. निळंच राहिलं तरी गॅस्केट निर्दोष ठरलं असं नाही, काही गळती फक्त लोडवर उघडते. शंका राहिली तर झाकणाच्या दाबाइतका दाब प्रेशर टेस्टरने देऊन रात्रभर ठेवा आणि सकाळी प्लग काढून सिलिंडरमध्ये बघा.

डिझेलवाल्यांनी हेड उतरवण्याआधी ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा एक्झॉस्टचा वायू कूलंटने थंड करणारा भाग) वेगळा करून तपासा. त्याला तडा गेला की एक्झॉस्टचा वायू थेट कूलंटमध्ये येतो, तेच बुडबुडे, तोच कडक होज. त्यापायी चांगली गॅस्केटं उगाच बदलली जातात.

आणि हेड उतरवलंच असेल तर फक्त गॅस्केट बदलून परत चढवू नका. सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्या) हेडची आणि ब्लॉकचीही सपाटी मोजा. बऱ्याच ॲल्युमिनियम हेडना ०.०५ मिमीपेक्षा जास्त वाक चालत नाही, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. तड्यांसाठी प्रेशर टेस्ट करून घ्या. ताणले जाणारे बोल्ट एकदाच वापरायचे. बोल्टच्या भोकांत ऑइल किंवा पाणी राहिलं तर टॉर्क (आवळण्याचा जोर) खोटा दिसतो, प्रसंगी ब्लॉकही चिरतो. गॅस्केट उलटं बसलं किंवा सिलिकॉन भरभरून लावलं, तर पाण्याच्या वाटाच बंद होतात आणि गाडी आधीपेक्षा लवकर तापते. गळती थांबवणारी पावडर तर नकोच. तिला भोक आणि रेडिएटरची नळी यातला फरक कळत नाही.

कूलिंगमध्ये काहीच सापडलं नाही, तर थोडी गाडी चालवून चारही चाकांच्या रिम गनने मोजा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा बरंच गरम निघालं तर ब्रेक अडकतोय आणि इंजिन दिवसभर तोच ओढतंय. मग एक्झॉस्टमधला चोंदलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि मागे पडलेलं इग्निशन टायमिंग, याच क्रमाने.