पांढरी पाच, जराशी चढी

परवा आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर कार्यकारिणीच्या सभेचं इतिवृत्त लागलं. पाण्याचा टँकर, भटकी कुत्री, पार्किंगमध्ये गंजत पडलेली बेवारस स्कूटर, आणि सगळ्यात शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’ या सदराखाली: ‘सदनिका क्र. ३०२ यांच्या गाण्याच्या मशीनमधून आवाज येतो. सभासदाने स्वतः बघून घ्यावे.’

३०२ म्हणजे मी. गाण्याच्या मशीनमधून आवाज येणार नाही तर काय वरणभात येणार? मी सेक्रेटरींना दिलेल्या पत्राचा विषय होता ‘इमारतीचे अर्थिंग तुटल्याबाबत’. अर्थिंग म्हणजे यंत्राच्या पत्र्यावर गळलेली वीज जमिनीत नेऊन सोडणारी वाट. दोन पानी पत्र होतं. खाली आकृती होती. आकृतीत मी हिरव्या शाईने जमीनसुद्धा काढली होती.

मूळ दुखणं साधं होतं. पुण्यात बुधवार पेठेतल्या, विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत फिरताना एक जुना अ‍ॅम्प्लिफायर दिसला, मोह झाला, घेतला. घरी आणून जोडला तर स्पीकरमधून अखंड हूंऽऽ. ठुमरी लावा, बातम्या लावा, काहीच लावू नका, हूंऽऽ आहेच. विलंबित ख्यालात बुवा सावकाश श्वास घेतात, त्या दोन क्षणांत हा हूं पुढे येऊन गाऊन घेतो.

त्यात एक गंमत सापडली. अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्याला बोट लावलं की हूं निम्मा होतो, काढलं की पुन्हा पहिल्यासारखा. बोटाला बारीक झिणझिण्या येतात, पण गाणं स्वच्छ होतं. त्यामुळे पहिले पंधरा दिवस मी उजव्या हाताची तर्जनी यंत्रावर टेकवून, देवाला नैवेद्य दाखवल्यासारखा बसून संगीत ऐकलं. बायकोने एकदा चहा आणून ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता निघून गेली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली की एवढा समजूतदारपणा येतो.

मग ‘वीज स्वच्छ करणं’ या व्यसनात शिरलो. आधी स्पाइक गार्ड आणला. विजेचा अचानक लोंढा आला तर तो अडवणं हे त्याचं काम. रोजच्या गुणगुणीशी त्याला कर्तव्य नसतं, हे बिल झाल्यावर समजलं. मग वीज गाळून देणारा, साडेअकरा हजारांचा पॉवर कंडिशनर. मग मनगटाएवढी जाड पॉवर कॉर्ड. दुकानदार म्हणाला, “सर, शुद्ध तांबं आहे, विजेतली घाण शोषून घेतं.” वीज कुठल्या कुठून येते, किती तारा, किती खांब, किती फ्यूज ओलांडून येते, आणि शेवटच्या दीड मीटरला शुद्ध तांबं! नाल्याचं पाणी चांदीच्या फुलपात्रातून प्यायचं. तरी घेतली. जपानमध्ये काही शौकिनांनी गाणं स्वच्छ ऐकू यावं म्हणून घराशेजारी स्वतःच्या मालकीचा विजेचा खांब उभारून घेतलाय, हे मी तेव्हा नुकतंच वाचलं होतं. त्यांच्यापुढे कॉर्ड म्हणजे काय, सुतळीच.

हूं होता तिथेच राहिला.

शेवटी रविवारी वायरमनला बोलावलं. तो स्टुलावर चढून, दोन स्क्रू ओठांत धरून बोर्ड उघडत होता, तेवढ्यात चौथ्या मजल्यावरचे काका शब्दकोड्याची पुरवणी मागायला आले. काका बँकेतून निवृत्त, आता भजनी मंडळात पेटी वाजवतात. उंबऱ्यातच थबकले. एक हात वर केला. म्हणाले, “थांबा.”

वायरमन थांबला. मीही थांबलो. काकांनी डोळे मिटले.

“पांढरी पाच.”

“काय काका?”

“तुमचं हे यंत्र हो. पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा खर्ज लावून बसलंय. जराशी चढी आहे, पण पांढरी पाचच.”

मी नम्रपणे म्हटलं की तो खर्ज नाही, बिघाड आहे. काका ऐकायला थांबलेच नव्हते. जिने चढून गेले आणि पाच मिनिटांत चादरीत गुंडाळलेली पेटी घेऊन, धापा टाकत परत आले. सोफ्यावर नाही, थेट स्पीकरसमोर मांडी घालून बसले. भाता हलवला, खर्जातल्या पांढरी पाचवर बोट ठेवलं. पेटीचा सूर आणि स्पीकरचा हूं एकमेकांवर घासले आणि खोलीभर वाँव्, वाँव् अशा लाटा उठल्या. सेकंदाला साधारण दोन.

“ऐका! दोन लाटा. एवढाच फरक.”

आता प्रामाणिकपणे सांगतो, मी फोन काढून गणित केलं. पांढरी पाचचा खर्ज ९८ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ९८ कंपनं. आपली वीज ५० हर्ट्झची, तिचा हूं दुपटीत, १००. फरक दोनचा, म्हणून सेकंदाला लाटा दोन. काकांचा कान हातातल्या फोनपेक्षा पुढे निघाला, आणि त्यांना ते चेहऱ्यावर लपवताही येईना.

“मग पन्नासच्या जागी एकोणपन्नास करून घ्या की. बोर्डात कुठेतरी स्क्रू असेलच.”

मी सांगितलं, काका, हा सूर या बोर्डातला नाही, अख्ख्या देशाचा आहे. देशभरची वीज एकत्र जोडून ठेवणारे ग्रिडवाले तो ४९.९० ते ५०.०५ च्या आत सांभाळतात. एकोणपन्नासवर आला तर गावंच्या गावं अंधारात जातील.

“म्हणजे सरकारच चढं लागलंय,” काका म्हणाले.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव. मी त्यांना सांगितलं की अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिचा हूं १२०, म्हणजे काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मध्ये. काकांचा चेहरा पडला. त्यांची मुलगी न्यू जर्सीत असते. “तरीच तिच्याकडे माझा आवाज लागत नाही,” ते हळूच म्हणाले. मग मी जपान सांगितलं. तिथे १८९५ च्या सुमाराला टोकियोने जर्मन जनित्रं घेतली, ओसाकाने अमेरिकन, आणि त्यामुळे आजही पूर्वेला ५० हर्ट्झ, पश्चिमेला ६०.

“म्हणजे गाडीने निघालं की वाटेत सूर बदलतो?”

“फुजी नदी ओलांडली की.”

काका बराच वेळ पेटीवर हात ठेवून फुजी नदी ओलांडत राहिले. स्टुलावरून वायरमन म्हणाला, “मंग साहेब, आवाज ठेवायचा का घालवायचा?”

“घालवायचा कशाला?” काका माझ्या आधी बोलले. “माझा इलेक्ट्रॉनिक तानपुरा दुरुस्तीला गेलाय.”

वायरमनने होल्डरला दोन वायरी लावलेला बल्ब काढला. एक टोक वीज आणणाऱ्या फेजला, दुसरं ती परत नेणाऱ्या न्यूट्रलला: बल्ब लख्ख. न्यूट्रलचं टोक काढून अर्थच्या मोठ्या भोकात घातलं: अंधार. बोर्ड भिंतीतून ओढून काढला तर आत हिरवी वायर होती. नीट गुंडाळी करून, टोक कापून, कोपऱ्यात खोचून ठेवलेली.

“याला अर्थिंग नाहीये?”

“हाय की.”

“कुठंय?”

“हे काय, तिसरं भोक दिलंय ना.”

वर त्याने तोडगाही दिला. “न्यूट्रलवरनं अर्थच्या भोकात लूप मारून देतो. दोन मिनिटांचं काम. समदे तेच करत्यात.” सगळे तेच करतात हे खरं असावं, आणि त्याचीच भीती वाटते. उद्या मागे कुठे न्यूट्रल तुटली, तर त्या लूपमधून फ्रिजच्या, वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येऊन उभे राहतील. मी नको म्हटलं. त्याने मला ‘शिकलेला दिसतोय’ अशा नजरेने पाहिलं. आमच्याकडे ती शिवी आहे.

हिरव्या वायरीच्या त्या कापलेल्या टोकालाही बल्ब लागेना, म्हणून खाली मीटर रूममध्ये गेलो. काका पेटीसकट. मीटरच्या पॅनेलमागून अर्थची जस्त चढवलेली लोखंडी पट्टी भिंतीवरून खाली येते आणि जमिनीच्या वीतभर वर संपते. मिठाचे आणि कोळशाचे थर भरलेला, प्लेट पुरलेला, उन्हाळ्यात पाणी घालायचा तो अर्थिंगचा खड्डा तिथेच कुठेतरी आहे. तीन वर्षांपूर्वी सुशोभीकरण झालं, त्याच्यावर लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक आले आणि त्यांच्यावर अध्यक्षांची गाडी आली.

अठ्ठावीस घरं. अठ्ठावीस गिझर. रोज सकाळी ओल्या अंगाने सगळे त्यांच्या खाली उभे राहतात, पोरंबाळंसुद्धा. माझ्या बोटाला येणाऱ्या झिणझिण्या म्हणजे तुटलेल्या अर्थिंगची सूचना होती, आणि मी शहाणा तिला साडेअकरा हजारांची यंत्रं लावत बसलो होतो. हे सगळं पत्रात लिहिलं. गिझरचा परिच्छेद तर अधोरेखित केला. सेक्रेटरी म्हणाले, “एवढं कशाला साहेब, गाणी मोबाइलवर ऐका ना. हेडफोन लावा.” मग सभा झाली, आणि मग तो नोटीस बोर्ड. कोणीतरी त्या ओळीपुढे पेनने संगीताचं चिन्हही काढलंय. शाई हिरवी आहे.

खड्डा अजून गाडीखालीच आहे. गिझरसाठी मी स्वतःच्या खर्चाने वेगळी सोय होते का ते बघतोय, त्यालाही म्हणे कार्यकारिणीची परवानगी लागते.

आज सकाळी साडेसहाला बेल वाजली. काका. अंगावर शाल, हातात पेटी. येऊन स्पीकरसमोर बसले, मान हलवून यंत्र चालू करायची खूण केली. हूंऽऽ. काकांनी सा लावला. मी झोपेतच, सवयीने, अ‍ॅम्प्लिफायरवर बोट टेकवून बाजूला बसलो.

काका थांबले. एक डोळा उघडला.

“बोट काढा की हो.”